धंद्याची वाट कोणी अडवली? संविधान आणि स्पर्धा कायदा वापरायचा कसा

परवा एकाच संध्याकाळी दोघे जण आले. पहिल्याच्या हातात नगरपरिषदेची नोटीस होती. नाक्यावरचं त्याचं खाद्यपदार्थांचं दुकान रात्री नऊला बंद करायचं, ‘वरिष्ठांच्या आदेशानुसार’. दुसरा औषधांचा होलसेलर. त्याच्याकडे कागद नव्हता, मोबाइलवर कंपनीच्या एरिया मॅनेजरचा मेसेज होता: ‘असोसिएशनची एनओसी आणा, मग स्टॉक सोडतो.’ दोघांचं म्हणणं एकच. धंद्यावर गदा आली, हायकोर्टात रिट (हक्कांसाठीची थेट याचिका) टाकू या.

पहिल्याचं बरोबर होतं. दुसऱ्याला मात्र कोर्टाने पहिल्याच तारखेला विचारलं असतं, की यात सरकार कुठे आहे?

छोट्या व्यावसायिकांचे परवाने आणि नोटिसा हेच माझं रोजचं काम. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक कायद्याअभावी हरत नाहीत, चुकीच्या दारावर थाप मारल्यामुळे वर्ष-दोन वर्षं घालवतात. तो वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली पायरी: समोर उभा कोण?

मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध वापरायचे असतात. ‘राज्य’ कोण ते अनुच्छेद १२ मध्ये आहे: केंद्र व राज्य सरकार, संसद व विधिमंडळ, नगरपालिका-जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्था, आणि सरकारच्या नियंत्रणाखालची इतर प्राधिकरणं. यांपैकी कोणी वाट अडवली असेल तर संविधानाचं दार, म्हणजे अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय.

वाट अडवणारी एखादी बडी कंपनी, व्यापाऱ्यांची संघटना किंवा आपसात ठरवून बसलेले स्पर्धक असतील, तर स्पर्धा कायदा, २००२ आणि दिल्लीतला भारतीय स्पर्धा आयोग. खासगी संस्था सार्वजनिक स्वरूपाचं कर्तव्य पार पाडत असेल तर तिच्याविरुद्धही रिट चालू शकते, पण तो अपवाद आहे. त्याच्या भरवशावर घरातून निघू नका.

तिसरा प्रकार गुंतागुंतीचा, सरकार स्वतःच दुकान मांडून बसलेलं असतं तेव्हाचा. त्याकडे पुढे येतो.

दुसरी पायरी: सरकारी आदेश असेल तर त्याची वरची ओळ वाचा

अनुच्छेद १९(१)(छ), वकिलांच्या तोंडी ‘नाइन्टीन वन जी’, प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्याचा हक्क देतो. लगेच १९(६) सांगतो, की सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतील, पण ते कायद्याने. त्या ‘कायद्याने’ या शब्दावर कितीतरी प्रकरणं जिंकली जातात. कायद्याचा, किंवा कायद्याखालच्या नियमाचा आधार नसलेलं नुसतं परिपत्रक, तोंडी सूचना किंवा ‘वरिष्ठांचा आदेश’ तुमचा हक्क आवळू शकत नाही.

म्हणून नोटीस हातात आली की संदर्भाची ओळ शोधा. कुठला अधिनियम, कुठलं कलम? मग ते कलम उघडून पाहा, की हा अधिकार खरोखर सही करणाऱ्याला दिलेला आहे का? नाक्यावरच्या दुकानदाराचंच घ्या. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवू देतो. कोणत्या प्रकारच्या आस्थापनांना किती वाजता बंद करायला लावायचं हे जनहितार्थ ठरवण्याचा अधिकार त्यात राज्य सरकारला आहे, तोही अधिसूचना काढून. नोटिशीत ना अधिसूचनेचा क्रमांक होता ना कलमाचा. माझ्या लेखी त्याचा निम्मा खटला त्या रिकाम्या ओळीतच आहे.

आधार सापडलाच, तर निर्बंध वाजवी आहे का हे बघायचं. यासाठी मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण विड्यांचं आहे. ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ या प्रांतात, ज्याची राजधानी नागपूर होती आणि ज्यात आपला विदर्भ होता, १९४८ मध्ये एक कायदा झाला. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून ठरावीक गावांत विड्या वळायला बंदी करता येईल, असा. १९५० मध्ये सागर जिल्ह्यात त्याखाली आदेश निघाला: हंगामभर विडीचं काम बंद. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते रद्द केलं. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू चांगला होता. पण बंदीत म्हातारी माणसं आली, अपंग आली, शेतात राबू न शकणाऱ्या बायका आल्या, रिकाम्या वेळात चार विड्या वळून मीठ-मिरची भागवणारे आले. त्यांना घरी बसवून शेतीला काय मिळणार होतं?

तुमच्या प्रकरणातही हाच प्रश्न विचारा. सरकारला जे साधायचं आहे ते कमी जाचक उपायाने साधलं नसतं का? आज न्यायालयं याला प्रमाणबद्धतेची कसोटी म्हणतात. हेतू योग्य आहे का, उपायाचा हेतूशी संबंध आहे का, कमी त्रासाचा दुसरा उपाय होता का, आणि नुकसान फायद्याच्या मानाने बेसुमार आहे का. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने आभासी चलनांच्या व्यवहारांना बँकसेवा तोडली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. रिझर्व्ह बँकेला अधिकार नाही असं न्यायालय म्हणालं नाही, अधिकार मान्यच केला. पण या व्यवहारांमुळे बँकांचं नेमकं काय नुकसान झालं, हे रिझर्व्ह बँकेला दाखवता आलं नाही. याचिका लिहिताना हा धडा सोन्यासारखा आहे. ‘तुम्हाला अधिकार नाही’ एवढ्यावर थांबू नका, ‘नुकसान दाखवा’ हेही मागा.

त्यानंतर अनुच्छेद १४, समानता. मुंबईच्या डान्सबारचं प्रकरण नैतिकतेच्या गदारोळात हरवतं, पण कायद्याचा मुद्दा साधा होता. २००५ च्या दुरुस्तीने बारमध्ये नाच बंद झाला आणि तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना मात्र मोकळीक राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भेद नाकारला. तुमच्यावरच्या नोटिशीतही हेच तपासा. शेजारच्या तशाच दुकानाला सूट आहे का, आणि असली तर कोणत्या कारणाने?

इथे एक खाच आहे, ती अनेकांना नडते. १९(१)(छ) फक्त नागरिकांसाठी आहे आणि कंपनी नागरिक नाही. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यापासून यावरची वाट रुळली आहे: कंपनीसोबत एखाद्या भागधारकाला किंवा संचालकालाही याचिकाकर्ता करा. अनुच्छेद १४ कंपनीलाही मिळतो, तिथे ही अडचण नाही.

आणि काही धंद्यांत हे शस्त्र बोथट आहे. दारूच्या व्यापारावर मूलभूत हक्क सांगता येत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा स्पष्ट केलं आहे. तिथे भांडण समान वागणुकीवर आणि नियम पाळले गेले का यावरच होतं.

तिसरी पायरी: समोर बाजार असेल तर

आता होलसेलर. त्याच्या प्रश्नावर तर गोव्यातलाच निर्णय आहे. वार्क्याच्या एका औषध व्यावसायिकाच्या तक्रारीवर २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने गोव्याच्या केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स असोसिएशनला दोषी धरलं. संघटनेच्या संमतीशिवाय स्टॉकिस्ट (कंपनीचा घाऊक वितरक) नेमू न देणं आणि मार्जिन ठरवून देणं, दोन्ही स्पर्धा कायद्याच्या कलम ३ च्या विरोधात. पुढे २०१३ मध्ये अखिल भारतीय संघटनेवरही अशाच एनओसीच्या प्रकरणात आदेश झाला.

यातलं मार्जिनचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो, कारण दोन कायद्यांमधली सीमारेषा त्यात लख्ख दिसते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ विक्रेत्याचं १६ टक्के मार्जिन धरलेलं आहे. सरकारने कायद्याखाली हा आकडा ठरवला तर ते नियमन. तोच आकडा संघटनेने बैठकीत ठरवून, न मानणाऱ्याचा माल अडवला तर ते संगनमत. आकडा एकच असला तरी ठरवणारा बदलला की दार बदलतं.

कलम ३ मध्ये दोन खोल्या आहेत. एकाच पातळीवरच्या स्पर्धकांनी भाव ठरवणं, पुरवठा रोखणं, गिऱ्हाईकं किंवा इलाखे वाटून घेणं, टेंडरमध्ये साटंलोटं करणं यांत स्पर्धेला बाधा आली असं कायदाच गृहीत धरतो, खोडून काढायची जबाबदारी समोरच्यावर. वरच्या-खालच्या पातळीवरच्या करारात, म्हणजे कंपनी आणि डीलर यांच्यात, असं गृहीतक नाही. तिथे स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम झाला हे दाखवावं लागतं.

पण एकसारखा भाव दिसला म्हणून संगनमत सिद्ध झालं असं समजू नका. अन्न महामंडळाच्या २००९ च्या टेंडरमध्ये धान्यातली कीड मारणाऱ्या गोळ्यांसाठी तीन कंपन्यांनी किलोला ३८८ रुपये असा अगदी एकच दर भरला. आयोगाने दंड केला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला. दंड मात्र त्या मालाच्याच उलाढालीवर मोजायचा, असं तेव्हाच्या कायद्यानुसार सांगितलं. पुढच्याच वर्षी गॅस सिलिंडर बनवणाऱ्या कंपन्या सुटल्या. त्यांचेही दर सारखे होते, पण खरेदीदार मोजकेच, माल एकाच मापाचा आणि खर्च सगळ्यांना माहीत, त्यामुळे दर आपोआपच जवळ येतात हे न्यायालयाला पटलं. तेव्हा सारख्या भावासोबत आणखी काहीतरी हवं: बैठक, निरोप, ठराव, धमकी.

कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराचं. मोठं असणं गुन्हा नाही, मोठेपणाचा वापर करून अन्यायकारक अटी लादणं हा भंग आहे. आधी बाजार कोणता ते ठरवावं लागतं, कोणता माल आणि कोणता भूभाग. मग त्यात समोरच्याचं वर्चस्व आहे का, आणि मग गैरवापर. तक्रारी पहिल्याच टप्प्यावर गारद होण्याचं मोठं कारण म्हणजे तक्रारदाराने बाजाराची आखणी स्वतःला सोयीची केलेली असते.

चौथी पायरी: सरकारच दुकानदार असेल तर

वीज बनवणाऱ्या महाराष्ट्राच्या महानिर्मिती कंपनीने कोल इंडिया आणि तिच्या उपकंपन्यांविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली होती. एका सरकारी कंपनीची दुसऱ्या सरकारी कंपनीविरुद्ध तक्रार! कोळसा पुरवठ्याच्या करारातल्या अटी एकतर्फी आणि नमुने घेण्याची व दर्जा तपासण्याची पद्धत विक्रेत्याच्या सोयीची, ही मुख्य तक्रार. आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये १,७७३.०५ कोटी रुपयांचा दंड केला. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला, कारण सुनावणी घेणारे सदस्य आणि निर्णय देणारे सदस्य वेगळे होते. जो ऐकतो त्यानेच ठरवायचं, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व. मार्च २०१७ मध्ये आयोगाने फेरआदेशात ५९१.०१ कोटींचा दंड लावला.

कोल इंडियाचा मोठा युक्तिवाद संविधानाचा होता. अनुच्छेद ३९(ख) प्रमाणे देशाची साधनसंपत्ती सामाईक हितासाठी वाटायची, त्यासाठीच खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, मग बाजाराचे नियम आम्हाला का? १५ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं नाही. सामाईक हित साधायचं तर गिऱ्हाइकाला न्याय्य वागणूक त्यातच येते, आणि स्पर्धा कायदा सरकारी कंपन्यांनाही लागू आहे. संरक्षण, चलन, अणुऊर्जा, अवकाश अशी सार्वभौम कामं तेवढी बाहेर.

म्हणून सरकारी खात्याशी वाद असेल तर विचारा, की ते खातं इथे राज्य करतंय की व्यापार? परवाना नाकारला असेल तर उच्च न्यायालय. माल विकताना जाचक अटी लादल्या असतील तर आयोगही आहे.

याची दुसरी बाजू साखरेत दिसते. दोन साखर कारखान्यांमध्ये देशात किमान १५ किलोमीटरचं हवाई अंतर, महाराष्ट्रात २५. यामुळे उसाला दुसरा खरेदीदार मिळणं अवघड होतं, शेतकऱ्याची बोली कमी होते, आणि मला स्वतःला ही अट शेतकऱ्याच्या विरोधातली वाटते. पण ती ऊस नियंत्रण आदेशाखालची आहे, कुणा दोन कारखान्यांनी आपसात ठरवलेली नाही. त्यामुळे आयोगाकडे जाऊन उपयोग नाही. लढायचं तर १९(६) च्या वाजवीपणावर उच्च न्यायालयात, नाहीतर विधिमंडळात.

पाचवी पायरी: पुरावा आजच जपा

वकिलाकडे जाण्याआधीचं काम. सरकारी आदेश असेल तर मूळ प्रत, पाकीट, मिळाल्याची तारीख. माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्काने अर्ज करून आदेशाची फाइल, टिप्पण्या आणि आधारभूत अधिसूचना मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आदेशात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रात घालून आदेश सावरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगून ठेवलं आहे. त्यामुळे फाइलमध्ये काय होतं याला फार किंमत आहे.

बाजाराचं प्रकरण असेल तर तोंडी बोलणं कागदावर आणा. कंपनीला साधा ईमेल लिहा: ‘अमुक तारखेला ऑर्डर दिली, माल आला नाही, कारण लेखी कळवावं.’ उत्तर आलं तर पुरावा, नाही आलं तर तुमचा ईमेल आहेच. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट काढून फोन बदलू नका, मूळ फोन आणि संवाद जपून ठेवा. आणखी कोणाचा माल अडवला गेलाय का ते शोधा. एकट्याचं भांडण करारभंगासारखं दिसतं, पाच जणांचं बाजारासारखं.

सहावी पायरी: दार ठोठावताना

रिटसाठी तुमचा जिल्हा कोणत्या खंडपीठाखाली येतो ते बघा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांचा मुंबईचा हेलपाटा वाचला आहे. कायद्यात अपिलाची सोय असेल तर कोर्ट आधी तिकडे पाठवतं. मात्र मूलभूत हक्काचा भंग, सुनावणीच न देणं किंवा अधिकारच नसणं यांपैकी काही असेल तर थेट येता येतं.

आयोगाकडे जाणारा अर्ज ‘माहिती’ म्हणून दाखल होतो, म्हणजे तुम्ही फिर्यादी नसता, आयोगाला खबर देणारे असता. त्यामुळे स्वतःचं नुकसान झालेलं असलंच पाहिजे असं नाही, कोणीही माहिती देऊ शकतं. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते, आणि ज्याचा रोजचा माल समोरच्याच्या हातात आहे त्याने ती जरूर करावी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मुदत तीन वर्षांची आहे. पुरेसं कारण असेल तरच उशीर माफ होतो.

आयोग प्रथमदर्शनी तथ्य बघतो. वाटलं तर महासंचालकांकडे, म्हणजे स्पर्धा कायद्याखालच्या तपास अधिकाऱ्याकडे, तपास देतो, नाहीतर तिथेच प्रकरण बंद करतो. तपास, अहवाल, सुनावणी यात वर्षं जातात. तोवर माल सुटावा असं वाटत असेल तर कलम ३३ खाली अंतरिम आदेश वेगळा मागावा लागतो, आणि तो सहज मिळत नाही. आदेशाविरुद्ध ६० दिवसांत राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरण, दंड झालेल्याला त्यासाठी २५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. आयोगाचा दंड सरकारजमा होतो, तुमच्या खिशात येत नाही. नुकसानभरपाईसाठी न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करायचा असतो. हे आधी न कळल्याने फार लोक निराश झालेले पाहिले आहेत.

दूरसंचारसारख्या, स्वतंत्र नियामक असलेल्या क्षेत्रात आधी त्या नियामकाकडे जा. २०१८ मध्ये एअरटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच क्रम घालून दिला.

सातवी पायरी: आपलं घर

हे सगळं वाचणारे अनेक जण स्वतः कुठल्या ना कुठल्या संघटनेत असतात. संघटना काढणं, निषेध करणं, सरकारला निवेदन देणं, सभासदांना कायदा शिकवणं हा तुमचा हक्क आहे. पण २०१७ मध्ये बंगालच्या चित्रपट कलाकार-तंत्रज्ञांच्या समितीला सर्वोच्च न्यायालयाने हे दाखवून दिलं, की वाहिन्यांवर दबाव आणून दुसऱ्या भाषेतून डब केलेली मालिका बंद पाडणं निषेधात बसत नाही, कारण त्याने बाजारच अडतो.

कार्टेलचा, म्हणजे स्पर्धकांच्या संगनमताचा, दंड जबर आहे: संगनमत चाललं त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते. पदाधिकाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारीही येते. सगळ्यात आधी जाऊन आयोगाला खरं आणि उपयोगी सांगणाऱ्याला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

म्हणून ग्रुपवर ‘सोमवारपासून सगळ्यांनी हाच दर’ असा मेसेज आला तर गप्प बसू नका आणि होकाराचा अंगठ्याचा इमोजीही पाठवू नका. ‘मी माझे दर स्वतंत्रपणे ठरवतो, या चर्चेत माझा सहभाग नाही’ एवढं लिहा, त्याची नोंद ठेवा, मग ग्रुप सोडा. बैठकीत विषय निघाला तर आक्षेप इतिवृत्तात लिहायला लावा आणि उठून या.

त्या संध्याकाळी दुकानदार माहिती अधिकाराचा अर्ज लिहूनच गेला, अधिसूचनेचा क्रमांक मागणारा. होलसेलरने तिथेच बसून कंपनीला ईमेल पाठवला. चार ओळींचा होता. ‘असोसिएशनची एनओसी कोणत्या नियमानुसार मागता ते लेखी कळवावे’ ही ओळ त्याने दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा तशीच ठेवली.